कुंदरूचं कुंपण

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नोकरीतल्या आठवणी लिहा. जरा प्रेरणादायी असू द्या." बत्तीस वर्षं रायपूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेल्या बाईकडे प्रेरणादायी असं काय असणार? शाली आहेत, पाच. एक श्रीफळ तर कपाटातच कोरडं पडलं. खात्रीने लिहावं असं माझ्याकडे एकच आहे, आणि तो एका माणसाबद्दलचा मत्सर आहे. तो मी बरीच वर्षं न चुकता जपला. तो माणूस प्राध्यापक नव्हता, पुढारी नव्हता, वक्ता तर नव्हताच. आमच्या कॉलेजचा हेडक्लार्क होता. देवांगन बाबू. सगळे त्यांना बड़े बाबू म्हणत.

आधी माझा धंदा सांगते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला विचारधारांचा पेपर असतो. त्यात पाच घटक. उदारमतवाद आला की मुलं खूश, कारण त्यात स्वातंत्र्य आहे. मार्क्सवाद आला की मागचे बाक जागे होतात, कारण त्यात भांडण आहे. चौथा घटक परंपरावादाचा. इंग्रजीत कंझर्वेटिझम म्हणतात तो. प्रश्नपत्रिकेत पाचांपैकी चार सोडवायचे असतात, त्यामुळे एक सोडता येतो. गेल्या कित्येक पिढ्यांनी सोडला तो हाच. परंपरावाद सोडण्याची परंपरा आमच्याकडे पक्की होती.

या मताचं मूळ म्हणणं तसं अवघड नाही. माणूस अपुरा प्राणी आहे, त्याची बुद्धी चुकते आणि चुकताना फार आत्मविश्वासाने चुकते. म्हणून एका पिढीच्या हुशारीपेक्षा अनेक पिढ्यांनी वापरून घासून ठेवलेल्या रीतींवर जास्त विसंबावं. समाज झाडासारखा वाढतो, यंत्रासारखे त्याचे भाग काढून नवे बसवता येत नाहीत. बदल करूच नये असं नाही, पण तो डागडुजीसारखा करावा. घर, मालमत्ता, अधिकार, देवधर्म यांना उगीच हात लावू नये, कारण माणूस कशाला तरी टेकूनच उभा असतो. आणि पृथ्वीवर स्वर्ग आणतो म्हणणारा भेटला तर आपला खिसा आणि आपली मान दोन्ही सांभाळावी.

हे मी दरवर्षी चार तासिकांत सांगत असे आणि दरवर्षी वर्ग पंख्याकडे बघत असे. एकदा एक लग्न झालेली विद्यार्थिनी उठून म्हणाली, "मैडम, मतलब जैसे हमारे ससुर जी?" मी तिला खाली बसवलं. आज वाटतं, बत्तीस वर्षांत त्या घटकावर आलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

मी स्वतः या मताची नव्हते, हेही सांगून टाकते. जुनी कुंपणं निरागस नसतात, हे बाईमाणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूमबाहेर पाण्याचे दोन माठ असत. एक आमचा. दुसरा चपराशी आणि सफाईवाल्यांचा. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी प्राचार्यांना तीन पानी अर्ज लिहिला. त्यात संविधानाची कलमं होती, समतेचा इतिहास होता, शेवटी एक बऱ्यापैकी वाक्यही होतं. प्राचार्यांनी समिती नेमली. समितीची एक बैठक झाली आणि तीत समोसे चांगले होते.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या माठाला तडा गेला. दर मार्चला माठांची मागणी बड़े बाबू लिहीत. त्या वर्षी त्यांनी दोन्हींच्या जागी एकच माठ लिहिला. तो आला, मधोमध ठेवला, वर लांब दांड्याचं ओगराळं टांगलं. मग समारू चपराशाला सगळ्यांसमोर हाक मारली, "समारू, पहिली तैं पी के बता. नवा माठ है, माटी का स्वाद तो नहीं आ रहा?"

समारू प्यायला. "बने हे, बाबू," म्हणाला, म्हणजे चांगलं आहे.

मग बाबू प्यायले. मग तहान लागलेले प्राध्यापक प्यायले, कारण मे महिन्यातल्या रायपुरात तहान कोणाची वाट बघत नाही. एक सर काही दिवस घरून बाटली आणत होते, ती पिशवीत सांडून परीक्षेचे पेपर भिजल्यावर तेही माठावर आले. माझा अर्ज अजून फाइलीत असेल. हस्ताक्षर सुंदर आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं. ते रेल्वेत होते, बिलासपूर, गोंदिया करत रायपुरात स्थिरावलेले, बोलणं अजून थेट वर्ध्याचं. ते म्हणाले, "मंग झालं ना काम! तू काहून तोंड वाकडं करून राहिली?"

मी काहून तोंड वाकडं करत होते हे मला नीट कळत होतं. काम व्हावं एवढीच माझी इच्छा नव्हती. ते माझ्या अर्जाने व्हावं अशी होती.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कॉलेजची पहिली घंटा दहा पन्नासला होई. साडेदहा नाही, अकरा नाही, दहा पन्नास. कारण अभनपूरकडून येणारी छोटी लाइन, म्हणजे ती खेळण्यासारखी अरुंद रेल्वे, साधारण साडेदहाला यायची आणि त्या भागातली मुलं स्टेशनवरून चालत यायची. मग शहरात यायची ती लाइन बंद झाली. रूळ निघाले, तिथे रस्ता झाला, घंटा मात्र दहा पन्नासलाच राहिली.

अशात नवे प्राचार्य आले. त्यांना सोहळ्यांची आवड होती. सायकल स्टँडला पत्रे घातले तर त्याचंही उद्घाटन, संगमरवरी पाटीसकट. मूल्यांकन समिती येणार होती आणि त्यांना काहीतरी 'दिखने वाला सुधार' हवा होता. वेळापत्रक समितीची संयोजक मी. मी टिपण लिहिलं, ज्या कारणासाठी ही वेळ ठरली ते कारण उरलेलं नाही, सबब पहिली तासिका दहाला सुरू व्हावी, म्हणजे तीनला वर्ग मोकळे होतील. टिपणावर मी खूश होते. जुनी रीत मोडण्याआधी ती का पडली हे शोधावं, असं परंपरावादी सांगतात. मी शोधलं होतं. कारण सापडलं होतं आणि ते मेलेलं होतं. त्यांच्याच कसोटीवर मी त्यांना हरवलं होतं.

टाइप करायला दिलं तर बड़े बाबूंनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"मैडम, ये दस-पचास हटाना जरूरी है क्या?"

"बाबूजी, वो छोटी लाइन के लिए था. छोटी लाइन ही नहीं रही."

"हव, लाइन तो नहीं रही." त्यांनी चष्मा पुसला. "लेकिन एक बार पूछ लेते, अब उस टाइम के भरोसे कौन-कौन चल रहा है."

"किससे पूछें?"

"वही तो. कोई कागज में थोड़ी मिलेगा."

मी म्हटलं, टाइप करा. त्यांनी केलं. एकही चूक नव्हती.

जुलैत 'समय परिवर्तन समारोह' झाला. नव्या विजेच्या घंटेला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, प्राचार्यांनी भाषण केलं, वेळेचं महत्त्व सांगायला पाऊण तास घेतला आणि बटण दाबलं. वीज गेलेली. शेवटी समारूने व्हरांड्यात घंटा म्हणून टांगलेला जुना रुळाचा तुकडा हातोडीने वाजवला आणि युग बदललं.

बारा-पंधरा दिवसांनी तीन मुली ऑफिसच्या खिडकीशी उभ्या दिसल्या. इंद्राणी, दुलारी आणि हेमिन. तिघी अभनपूरच्या पुढच्या एकाच गावातल्या, माझ्याच वर्गातल्या. हेमिन त्यांत हुशार. तिची वही मी इतरांना दाखवायला ठेवून घेत असे. तिघी टीसी मागत होत्या. कॉलेज सोडल्याचा दाखला.

मी विचारलं तेव्हा इंद्राणी बोलली. त्यांच्या गावची एक नर्स शहरातल्या दवाखान्यात अकराच्या ड्यूटीला येते. नऊची बस. तिच्यासोबत जायचं असेल तर जा, हे तिघींच्या घरचं ठरलेलं. दहाच्या वर्गासाठी आठची बस धरावी लागते आणि तिच्यात सिस्टर दीदी नसते.

"घर में पिताजी बोले, दीदी के साथ जाना है तो जाओ, नहीं तो घर बैठो."

मला बापांचा संताप आला. तिथेच, खिडकीशी, मी मुलींना स्वातंत्र्याबद्दल सांगितलं. एकटीने प्रवास करण्याचा हक्क, भीतीचं राजकारण, सगळं. चांगलं बोलले मी. इंद्राणीने मान खाली घालून पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "जी मैडम. टीसी कब मिलेगी?"

खिडकीच्या आतून बड़े बाबू म्हणाले, "फारम खतम है, बेटा. छपने गया है. सोमवार को आओ."

सोमवारी लायब्ररीचं ना-देय प्रमाणपत्र आणायला सांगितलं. ते आणलं तर त्यावर गोल शिक्का नव्हता. गुरुवारी मी ऑफिसात गेले तेव्हा त्यांचा ड्रॉवर उघडा होता आणि आत टीसीच्या फॉर्मांचा कोरा गठ्ठा.

"बाबूजी, ये तो झूठ है."

"हव, झूठ तो है," ते शांतपणे म्हणाले. "पर टीसी एक बार कट गई तो साल भर नाम वापस नहीं चढ़ता. कटने के पहले थोड़ा सोच लेते हैं." मग ड्रॉवर लावून घेत म्हणाले, "इतवार को घर आइए मैडम. चाय पी के जाना."

रविवारी नवऱ्याने स्कूटरवर भनपुरीला नेलं. ट्रकांच्या अड्ड्यामागे त्यांचं घर, मागे छोटी बाडी, म्हणजे परसबाग. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ पानांवर बसलेली, तरी सगळं हिरवं. बाडीच्या एका कडेला बाभळीच्या काट्यांचं आणि बांबूंचं जुनं कुंपण होतं आणि त्यावर तोंडलीचा वेल पसरलेला. आम्ही रायपूरवाले तोंडलीला कुंदरू म्हणतो. कुंपण दिसतच नव्हतं, नुसता वेल.

"ये रूंधना हमारे पिताजी लगाए थे," ते म्हणाले. "पड़ोसी की भैंसी घुस जाती थी. भैंसी मर गई, पड़ोसी भी गुजर गया. मेरा लड़का बोलता है, अब किसके लिए रखे हो, निकाल दो."

"फिर?"

"मैंने कहा, निकाल दे. पहले बता, कुंदरू को कहाँ बिठाएगा?"

नवरा हसला. मी हसले नाही. मला एकदम अंगावर काटा आला, आणि तो कौतुकाचा नव्हता. वीस वर्षं मी जे चार तासिकांत सांगू शकले नव्हते ते हा माणूस चहाचा कप हातात धरून सांगत होता. रीत का पडली हे शोधणं अर्धंच काम असतं. ती पडल्यावर तिच्या आधाराने काय काय चढलं, हे कोणत्याच टिपणात नसतं. माझ्या नोट्समध्येही नव्हतं.

मी तरी भांडले. "पण बाबूजी, बाप लोग गलत हैं. लड़कियाँ अकेली क्यों नहीं आ सकतीं?"

"गलत हैं. मैं कब बोला सही हैं." ते वेलातली तोंडली तोडून पिशवीत टाकत होते, आमच्यासाठी. "बाप भी बदलेगा मैडम. पर बाप के बदलते तक लड़की बी.ए. कर ले, इतना तो हो."

मी पिशवी घेतली आणि आम्ही निघालो.

परत येताना नवरा म्हणाला, "उद्याच जाऊन सांग प्राचार्याले, का वेळ बदलवा म्हणून. माणूस बरोबर बोलून राहिला."

"बघते," मी म्हटलं.

इथे मला जे लिहायचं आहे ते या लेखात सगळ्यात अवघड आहे. मी सोमवारी गेले नाही. मंगळवारीही नाही. प्राचार्य केबिनमध्ये होते, टिपण लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. पण ते टिपण टाइप करायला द्यायचं होतं देवांगन बाबूंकडे. ते चष्मा पुसणार, उभ्या उभ्या वाचणार आणि काहीही बोलणार नाहीत, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांनी टोमणा मारला असता तर मी सोमवारीच गेले असते. मी स्वतःला सांगितलं, घाईने बदल करू नये. बघा, तेवढ्यापुरती मी परंपरावादीसुद्धा झाले.

शुक्रवारी गेले. टिपण दिलं. बाबूंनी वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले.

"हेमिन का बाप कल आया था. खुद आके खड़ा हो गया. गाँव के एक सियान को, बुजुर्ग को, साथ लाया था. फिर मैं रोक नहीं सका."

"कट गई?"

"कट गई."

त्यांनी टाइप केलं. याही वेळी एकही चूक नव्हती.

घंटा परत दहा पन्नासला आली, यावेळी हाराशिवाय. प्राचार्यांना ते फारसं आवडलं नाही, पण मूल्यांकन समिती येऊन गेली होती. स्टाफ कौन्सिलच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'संयोजकांच्या फेरविचारानुसार व ग्रामीण विद्यार्थिनींच्या हितास्तव.' संयोजक मी. दोन सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. मी 'थँक्यू' म्हटलं. इंद्राणी आणि दुलारी नऊच्या बसने येऊ लागल्या. हेमिनचं दिवाळीनंतर लग्न झालं, असं त्यांच्याकडून कळलं.

त्या वर्षी चौथा घटक आला तेव्हा मी नोट्स बाजूला ठेवल्या आणि वर्गाला कुंपणाची गोष्ट सांगितली. म्हैस, शेजारी, कुंदरू. 'एका घरी' असं म्हटलं, कोणाच्या ते नाही. वर्ग पहिल्यांदाच पंख्याकडे बघत नव्हता. मला तो आनंद जेमतेम दोन मिनिटं मिळाला.

"मैडम," इंद्राणी उठून म्हणाली, "ये तो बड़े बाबू का कुंदरू है."

वर्ग हसला. "टीसी माँगने जाते थे तो खिड़की पे बिठा के रोज यही सुनाते थे," दुलारीने भर घातली.

मी म्हटलं, "उदाहरण किसी का भी हो, सिद्धांत देखो." शिक्षकी पेशात अडचणीच्या वेळी सिद्धांत फार उपयोगी पडतो.

त्यानंतर मुलं चौथा घटक सोडेनाशी झाली. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला घरी गठ्ठे येत. नाव नसतं, फक्त कोड असतो, आणि त्या दुसऱ्याच कॉलेजांच्या असतात. दोन वर्षांनी त्यांतही कुंदरू दिसू लागला. कुठल्या चुलत बहिणीने कुठल्या मैत्रिणीला सांगितलं कोण जाणे. 'परंपरा वह बेल है' वगैरे. एकाने कुंदरूऐवजी करेला लिहिला होता, त्याचा मी अर्धा मार्क कापला. कारण सांगता येणार नाही. बाकीच्यांना दहापैकी सात-आठ द्यावेच लागत. लाल पेनने मी देवांगन बाबूंना वर्षानुवर्षं मार्क देत होते आणि माझ्या स्वतःच्या व्याख्या कोणीही लिहीत नव्हतं.

मग बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक पुस्तिका निघाली. चौथा घटक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कुंपण घातलं. पानाखाली टीप देऊन त्यांचं नाव लिहिता आलं असतं. तशी टीप मी लिहिलीही होती. शेवटच्या प्रुफात खोडली. हेडक्लार्कचं नाव संदर्भात कसं द्यायचं, असं मी स्वतःला विचारलं. विद्वानांच्या जगात याचीही परंपरा आहेच.

ते माझ्या एक वर्ष आधी निवृत्त झाले. निरोपाला हॉल पुरला नाही. तीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आले होते, ज्यांचे दाखले त्यांनी कुठल्या तरी वाळवी लागलेल्या रजिस्टरातून शोधून दिले होते. समारू रडला. बाबू अडीच मिनिटं बोलले. माझ्या निरोपाला चौदा माणसं होती, त्यांतली दोन माइकवाली.

मागच्या वर्षी ते बाजारात भेटले. फार आनंदात होते. नात बाहेरून बी.ए. करते आहे.

"मैडम, नतनीन किताब पढ़ के सुनाई. बोली, दादा, तुंहर कुंदरू किताब मा आगे!" म्हणजे, तुमचा कुंदरू पुस्तकात आला. ते हसले. "मैंने कहा, मैडम के नाम से छपा है, तभी तो मान मिला. मेरे नाम से कौन पढ़ता?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. खूप शोधला. मला त्यांचं पद नको होतं, लोकप्रियता मिळाली असती तर चालली असती, पण मी सगळ्यात जास्त जळते ती या गोष्टीवर. त्या माणसाला कोणाचा मत्सर वाटत नाही. तो कसा वाटत नसेल हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

त्यांच्याकडून मी वेलाची काडी मागून आणली. कुंदरूचं बी लावत नाहीत, दुसऱ्याच्या जुन्या वेलाची काडी लावावी लागते. त्यांनी चांगली जून बघून तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. आता गॅलरीच्या ग्रिलवर चढली आहे. शेजारीण विचारते, "दीदी, कहाँ से लाई?" मी म्हणते, नर्सरीतून.

नवरा परवा म्हणाला, "आतातरी त्या माणसाचं नाव लिहून टाक ना कुठं."

लिहिलं. देवांगन बाबू. मराठीत लिहिलं, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही आणि त्यांच्या नातीलाही. या मराठी अंकाला हो म्हणताना हा विचार मी केला होता, उगीच नाकारत नाही.

इंद्राणी आता शाळेत शिकवते, दुलारी पंचायतीत कामाला आहे. दोघींचं श्रेय इतिवृत्तात माझ्या नावावर आहे, पण ते बाबूंचं. कुंदरू त्यांचा, दहा पन्नासही त्यांचे. सोमवार ते गुरुवार, ते चार दिवस माझे. हेमिनची वही अजून माझ्या कपाटात आहे, शालींच्या खाली.